क्रीटला आठ रात्री: पुळणी, घळया आणि प्राचीन बंदरे एकत्र कशी पाहावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरच्या अखेरीस तुम्ही पती-पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे चौघे आठ रात्रींसाठी ग्रीसमधील क्रीट बेटावर जात आहात. बालोस आणि एलाफोनिसी या पुळणी, सामारियाची घळई, क्नोसोस आणि फेस्टोस हे प्राचीन राजवाडे, आणि पूर्वेच्या टोकाचे वाइ येथील खजुरीचे वन अशी यादी तुम्ही केली आहे, आणि ही ठिकाणे कोणत्या क्रमाने घेतली म्हणजे काही सुटणार नाही असे विचारले आहे. मी भूगोलाचा अध्यापक आहे आणि गेली बरीच वर्षे छोट्या अभ्यासगटांना क्रीटच्या किनाऱ्यावर घेऊन जात आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खरी अडचण क्रमाची नाही. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे, पण दक्षिणोत्तर रुंदी कुठे जेमतेम १२ तर कुठे ६० किलोमीटर आहे, आणि या चिंचोळ्या पट्टीच्या मधोमध डोंगरांचा कणा उभा आहे. त्यातली दोन शिखरे २,४०० मीटरच्या वर जातात. मोठा रस्ता फक्त उत्तर किनाऱ्याने जातो; दक्षिणेकडे उतरायचे तर प्रत्येक वेळी खिंड ओलांडून वळणावळणाच्या रस्त्याने जावे लागते आणि बहुधा त्याच वाटेने परतावे लागते. पश्चिमेच्या खानियापासून वाइपर्यंत जवळजवळ तीनशे किलोमीटर होतात, म्हणजे न थांबता गेलात तरी पाच तासांहून अधिक. तुमच्या यादीतली सगळी ठिकाणे आठ दिवसांत ‘होतील’, परंतु त्यातला मोठा वाटा गाडीच्या काचेतून होईल आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही नेमक्या गर्दीच्या वेळी, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान पोहोचाल.

यादीतला दुसरा दोष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तुम्ही पुळणी एका रकान्यात, निसर्ग दुसऱ्यात आणि प्राचीन स्थळे तिसऱ्यात मांडली आहेत. क्रीटच्या किनाऱ्यावर हे तीन वेगळे विषय नाहीत. जिथे डोंगरातून घळई समुद्राला मिळते तिथे गोडे पाणी असते, जिथे ती गाळ आणून टाकते तिथे पुळण तयार होते, आणि जिथे पाणी व नावा ओढून घेण्याजोगी पुळण एकत्र असते तिथेच माणसांनी बंदरे व देवळे बांधली. त्यामुळे बेटाचा एखादा कोपरा निवडला तर तीनही गोष्टी तासाभराच्या अंतरात, बऱ्याचदा पायी जाण्याच्या अंतरात मिळतात. माझा सल्ला असा की दोन कोपरे निवडावेत, उरलेले निःशंक मनाने सोडावेत, आणि क्नोसोस शेवटच्या दिवसासाठी ठेवावे. तुमच्या कुटुंबासाठी मी वायव्येचा किसामोस-फालासर्ना हा भाग चार रात्रींसाठी आणि दक्षिणेचे मेसारा मैदान तीन रात्रींसाठी निवडेन. एक रात्र हेराक्लिओन शहरात.

फालासर्ना तुमच्या यादीत नाही. माझ्या मते पूर्ण क्रीटमध्ये एकच जागा दाखवायची झाली तर ती हीच. पश्चिम किनाऱ्यावर लांबच लांब वाळूची पुळण आहे, पाणी स्वच्छ, सूर्यास्त थेट समुद्रात. बहुतेक लोक तिथे पोहून परत जातात. पुळणीच्या उत्तर टोकापासून एक कच्चा रस्ता ऑलिव्हच्या बागांतून पुढे जातो आणि एका खडकाळ भूशिराच्या पायथ्याशी संपतो. वाटेत कातळात कोरलेले एक मोठे दगडी आसन लागते, ते कशासाठी होते याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तिथेच प्राचीन फालासर्नाचे बंदर आहे. हे बंदर समुद्राच्या काठावर नव्हते. किनाऱ्याच्या आतल्या बाजूला भिंतींनी वेढलेले कुंड होते, त्याच्या कोपऱ्यांवर बुरूज होते आणि कातळातून खोदलेल्या कालव्याने ते समुद्राशी जोडलेले होते. आज त्या कुंडात झुडपे आणि माती आहे. नावा बांधायचे धक्क्याचे दगड दिसतात, बुरुजाचे घडीव चिरे एकावर एक बसवलेले दिसतात, पण पाणी नाही. समुद्र शंभरएक मीटर दूर आणि बराच खाली आहे.

कारण असे की पश्चिम क्रीटची जमीनच वर उचलली गेली. आफ्रिकेचे भूपट्ट क्रीटच्या दक्षिणेला एजियन भूपट्टाखाली सरकत आहे, आणि त्या सीमेवरील मोठ्या भूकंपांत हा भाग उचलला जातो. बहुतेक अभ्यासक या उचलीचा संबंध २१ जुलै ३६५ (इसवी सन) या दिवशीच्या महाभूकंपाशी जोडतात. त्याच भूकंपाच्या लाटांनी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचा किनारा धुऊन काढल्याचे वर्णन अम्मियानुस मार्केलिनुस या रोमन इतिहासकाराने केले आहे. अलीकडे काही संशोधकांनी ही उचल एकाच भूकंपात न होता अनेक धक्क्यांत झाली असावी असेही मांडले आहे. उचलीचे माप मात्र डोळ्यांनी पाहता येते: बेटाच्या नैऋत्य टोकाजवळ ती सुमारे नऊ मीटर आहे, फालासर्नाला साधारण साडेसहा. १८५० च्या दशकात ब्रिटिश आरमारातील टॉमस स्प्रॅट या कप्तानाने या किनाऱ्याची पाहणी करताना हे कोरडे बंदर आणि खडकांवरील जुनी जलरेषा यांची सांगड घातली होती. पद्धतशीर उत्खनन १९८६ पासून सुरू झाले.

ही जुनी जलरेषा मुलीला नक्की दाखवा. कोकणचा किनारा पाहिलेल्या माणसाला येथे एक गोष्ट चटकन जाणवते: भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर वर-खाली होते. क्रीटला हा चढउतार काही सेंटिमीटरांचा, फार तर फूटभराचा असतो. त्यामुळे समुद्राची पातळी वर्षानुवर्षे एकाच अरुंद पट्ट्यात राहते, तिथले जीव चुनखडक पोखरत राहतात आणि कड्याच्या पायथ्याशी सरळ, आडवी खाच तयार होते. जमीन उचलली गेली की ही खाच पाण्यापासून वर जाते आणि तिथेच राहते. फालासर्नाच्या भूशिरावर डोक्याच्याही वर पाहिलेत तर ती रेषा दूरपर्यंत गेलेली दिसेल, आणि तिच्या खालच्या कातळात बोट जाईल एवढी गोल, गुळगुळीत छिद्रे दिसतील. ती समुद्रात राहणाऱ्या, चुनखडक पोखरणाऱ्या शिंपल्यांनी केलेली आहेत. ज्या छिद्रात बोट घालतो आहोत ते कधीकाळी पाण्याखाली होते, हे मुलांना सांगावे लागत नाही. त्यांचे त्यांनाच कळते.

बंदर निकामी होण्याआधीच शहराची अखेर झाली होती. इ.स.पू. ६९ ते ६७ या काळात रोमनांनी क्रीट जिंकले, आणि त्या सुमारास बंदराच्या कालव्याचे तोंड मोठमोठे दगड टाकून बुजवण्यात आले. क्रीटच्या किनाऱ्यावरून चालणारी चाचेगिरी मोडून काढण्यासाठी रोमनांनीच हे केले असावे, असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे. सकाळी नऊपूर्वी किंवा दुपारी चारनंतर जा, कारण तिथे सावली अजिबात नाही. जमीन साधारण सपाट असल्याने सासूबाईंना बंदरापर्यंत येता येईल; वरच्या टेकडीवरील अवशेषांपर्यंत चढण्याची गरज नाही.

आता बालोस की एलाफोनिसी हा प्रश्न. दोन्ही सुंदर आहेत, दोन्हींना प्रचंड गर्दी असते, आणि तुमच्या बाबतीत मी एलाफोनिसी निवडेन. बालोसला गाडीने जायचे तर शेवटचे सुमारे आठ किलोमीटर खडबडीत कच्चा रस्ता आहे, त्यावर नेलेल्या भाड्याच्या गाडीचे नुकसान विम्यात सहसा धरले जात नाही, आणि वाहनतळापासून खाली पुळणीपर्यंतची पायवाट परत येताना चढावी लागते. किसामोसच्या बंदरातून बोट जाते, ती वाटेत ग्राम्वुसा बेटावर थांबते, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसकरांनी बांधलेला तिथला किल्ला पाहण्यासारखा आहे. पण बोट ठरलेल्या वेळी निघते आणि वाऱ्याच्या दिवशी वृद्ध माणसाला तो प्रवास सुखाचा होत नाही. वारा शांत असेल आणि तुम्हा दोघांना हौस असेल तर बोटीने जरूर जा. गाडीने जाऊ नका.

एलाफोनिसीला किनारा आणि समोरचे छोटे बेट यांच्यामध्ये गुडघाभर पाण्याचा उथळ पट्टा आहे, तो चालत ओलांडता येतो, आणि लहान मुलांना व पोहता न येणाऱ्यांना इतके सुरक्षित पाणी क्रीटमध्ये दुसरीकडे क्वचितच मिळेल. वाळूची गुलाबी छटा फोरामिनिफेरा या सूक्ष्म सजीवांच्या लाल कवचांच्या चुऱ्यामुळे येते. ती सर्वत्र नसते, पाण्याच्या कडेला पट्ट्यापट्ट्यांत दिसते आणि छायाचित्रांत दाखवतात तितकी गडद कधीच नसते. हा भाग युरोपच्या ‘नातुरा २०००’ या संरक्षित जाळ्यात आहे आणि वाळू किंवा शिंपले नेणे निषिद्ध आहे. बेटावरील वाळूच्या टेकड्यांवर दोऱ्या बांधलेल्या असतात. त्यांच्या आत जाऊ नये, कारण त्या टेकड्या ज्युनिपरच्या मुळांनी आणि समुद्रलिलीच्या कंदांनी धरून ठेवलेल्या आहेत. सप्टेंबरमध्ये या लिलीची पांढरी फुले अजून दिसू शकतात. बेटाच्या पलीकडच्या टोकाकडे गेलात तर एक स्मारक लागेल: १८२४ मध्ये ऑटोमन सत्तेविरुद्धच्या लढ्याच्या काळात येथे आश्रय घेतलेल्या शेकडो स्त्रिया, मुले व वृद्धांची कत्तल झाली. त्या जागी थोडा वेळ थांबावे असे मला मनापासून वाटते.

सामारियाबद्दल स्पष्टच सांगतो: या प्रवासात ती घेऊ नका. ही घळई १९६२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, वरच्या टोकाला सुमारे १,२३० मीटर उंचीवरून चालायला सुरुवात होते आणि समुद्रकिनाऱ्यावरील आयिया रुमेलीपर्यंत जवळजवळ १६ किलोमीटर दगडधोंड्यांतून उतरावे लागते. मधून बाहेर पडायला वाट नाही. खालून गाडीचा रस्ता नाही, बोटीनेच निघावे लागते. क्री-क्री नावाचा रानबोकड येथे दिसतो, दोन्ही बाजूंच्या भिंती एके ठिकाणी तीन-चार मीटरवर येतात, हे सगळे खरे आहे. पण सत्तरीच्या गुडघ्यांसाठी आणि दहा वर्षांच्या मुलीसाठी तो दिवस आनंदाचा कमी आणि सहनशक्तीचा जास्त होतो. शिवाय सप्टेंबरच्या शेवटी पाऊस झाला तर घळई ऐनवेळी बंदही ठेवतात.

तिच्याऐवजी आयिया इरिनीची घळई घ्या. ती साधारण साडेसात किलोमीटर आहे, चिनार व ओलिअँडरच्या सावलीतून उतरते, तीन तासांत निवांत होते, आणि खालच्या टोकाला गाडीचा रस्ता आहे. तुमच्यापैकी एकाने मुलीला घेऊन वरून चालायला सुरुवात करावी, दुसऱ्याने सासूबाईंसह गाडी खाली आणावी आणि दुपारी सगळ्यांनी पाचेक किलोमीटरवरच्या सुगिया गावात भेटावे. सुगियाचा किनारा गोट्यांचा आहे आणि पाणी पटकन खोल होते, तेव्हा मुलीवर लक्ष असू द्या. पण गाव लहान आणि शांत आहे, आणि सुगियाचे प्राचीन बंदरही फालासर्नासारखेच उचलले जाऊन कोरडे पडले आहे. सुगियाहून छोट्या बोटीने किंवा डोंगरावरून तासा-दीड तासाच्या वाटेने लिसोसला जाता येते. तिथे समुद्राकडे उघडणाऱ्या एका लहानशा दरीत, झऱ्याच्या शेजारी, आस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेचे देऊळ आहे. देवळाच्या फरशीवरील मोझेकचा काही भाग अजून जागेवर आहे. येथे सापडलेल्या मूर्ती खानियाच्या पुरातत्त्व वस्तुसंग्रहालयात आहेत. झरा, दरी आणि समुद्र एकत्र येण्याचा वर सांगितलेला मुद्दा लिसोसला उभे राहिल्यावर आपोआप पटतो.

पाचव्या दिवशी मेसाराकडे निघा. किसामोसहून रेथिम्नोपर्यंत उत्तरेचा मोठा रस्ता आणि तिथून स्पिलीमार्गे दक्षिणेला उतरण असा हा प्रवास साडेतीन-चार तासांचा धरा. मुक्काम माताला गावात न करता जवळच्या पित्सिदिया किंवा सिवाससारख्या खेड्यात करा. मातालाच्या कड्यातील रोमनकालीन थडग्यांच्या गुहा आणि १९६० च्या दशकात त्यांत राहिलेले हिप्पी यांमुळे ते गाव प्रसिद्ध आहे, तासभर पाहण्यासारखे आहे, पण मुक्कामाला गोंगाटाचे.

मेसारातली माझी आवडती जागा कोमोस. पित्सिदियापासून जवळ, लांब व मोकळ्या पुळणीच्या काठावर, कुंपणाच्या आत मिनोअन काळातले, म्हणजे क्नोसोस-फेस्टोसचे राजवाडे बांधणाऱ्या क्रीटच्या कांस्ययुगीन संस्कृतीच्या काळातले, बंदर आहे. टोरोंटो विद्यापीठातील जोसेफ शॉ यांनी १९७६ पासून येथे उत्खनन केले. आत जाऊ देत नाहीत, पण पायवाटेवरून सगळे नीट दिसते: प्रचंड आकाराचे घडीव चिरे, दगडी फरसबंद रस्ता, आणि लांबट समांतर दालने, ज्यांत हिवाळ्यात नावा ठेवल्या जात असाव्यात. नंतरच्या काळात त्याच जागी ग्रीकांचे देऊळ आले, आणि त्यात फिनिशियन पद्धतीचे तीन दगडी खांबांचे छोटे पूजास्थान सापडले. म्हणजे लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे खलाशी येथे थांबत होते. समोर समुद्रात एक सखल खडक दिसतो. मिनोअन काळात समुद्राची पातळी खाली असल्यामुळे तो मोठा होता आणि बंदराला आडोसा देत होता. पश्चिमेला बंदर वर आले, येथे आडोसा पाण्यात गेला. एकाच बेटावरच्या या दोन जागा आठवड्याच्या आत पाहता येणे हे मला या आखणीचे मोठे सुख वाटते.

कोमोसच्या पुळणीवर लॉगरहेड जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. मे अखेर ते ऑगस्ट हा अंडी घालण्याचा काळ, आणि पिल्ले जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर पडतात, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा काही घरटी शिल्लक असतील. ‘आर्केलॉन’ ही ग्रीक संस्था त्यांच्यावर जाळीचे पिंजरे व पाट्या लावते. वेळासला कासव महोत्सव पाहिला असेल तर नियम तुम्हाला माहीतच आहेत: अंधार पडल्यावर पुळणीवर जाऊ नये, मोबाइलचा दिवा लावू नये, वाळूचे किल्ले व खड्डे संध्याकाळी बुजवावेत. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात, आणि चुकीचा उजेड त्यांना समुद्रापासून दूर नेतो.

फेस्टोसचा राजवाडा कोमोसपासून अगदी जवळ आहे आणि कोमोस बहुधा त्याचेच बंदर होते, म्हणून आधी कोमोस आणि नंतर फेस्टोस असा क्रम ठेवा. १९०० मध्ये फेडेरिको हाल्बहेर यांच्या इटालियन पथकाने उत्खनन सुरू केले आणि १९०८ मध्ये येथे ती प्रसिद्ध मातीची चकती सापडली, जिच्यावरील लिपी अजून वाचता आलेली नाही. क्नोसोसला केली आहे तशी काँक्रीटची पुनर्बांधणी येथे नाही. मोठे प्रांगण, रुंद पायऱ्या, खाली पूर्ण मेसारा मैदान आणि उत्तरेला प्सिलोरितिसचा डोंगर. सासूबाईंना पायऱ्या उतरायच्या नसतील तर वरच्या गच्चीवरूनही आराखडा समजतो. परतीच्या वाटेवर गोर्तिन घ्या. तिथल्या भिंतीवर इ.स.पू. पाचव्या शतकातला कायदा कोरलेला आहे: वारसा, घटस्फोट, दत्तक, गुलामांचे हक्क अशी कलमे, सुमारे सहाशे ओळींत. नांगरणारा बैल शेताच्या टोकाला वळतो तशी ओळ एकदा उजवीकडून डावीकडे आणि पुढची डावीकडून उजवीकडे जाते. त्या भिंतीपुढे मी नेहमी ठरवल्यापेक्षा जास्त वेळ घालवतो.

पूर्व क्रीट सोडा म्हणताना मला वाईट वाटते, म्हणून तिथे काय आहे तेही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कामी येईल. वाइच्या पुळणीमागे क्रीटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीच्या खजुरीचे वन आहे. तिथून उत्तरेला अर्ध्या तासाच्या चालीवर इतानोस या प्राचीन शहराचे अवशेष आणि निर्मनुष्य छोट्या पुळणी आहेत. आणखी दक्षिणेला झाक्रोसची घळई समुद्राला मिळते. तिच्या भिंतींतील गुहांत मिनोअन लोक मृतांना ठेवीत, म्हणून तिला ‘मृतांची घळई’ म्हणतात, आणि तिच्या तोंडाशी निकोलाओस प्लाटोन यांनी १९६० च्या दशकात उकरून काढलेला राजवाडा आहे. पूर्वेचा किनारा खचल्यामुळे राजवाड्याच्या खालच्या भागात भूजल चढते आणि त्या दगडी कुंडात गोड्या पाण्याची कासवे पोहताना दिसतात. उत्तरेला मोखलोस नावाचे छोटे बेट आहे, ते मिनोअन काळात मुख्य भूमीला जोडलेले होते. आठ रात्री फक्त पूर्वेला घालवणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते समाधानी परतले आहेत. पण पश्चिम आणि पूर्व दोन्ही एकदम घेणारे मात्र थकूनच परततात.

क्नोसोस शेवटी ठेवण्याचे कारण असे: हेराक्लिओनपासून ते पाच किलोमीटरवर आहे, तिथे सर्वाधिक गर्दी असते, आणि आर्थर एव्हान्स यांनी १९०० पासून केलेल्या उत्खननानंतरचे रंगवलेले खांब व काँक्रीटचे मजले आधी पाहिले की बाकी स्थळे मुलांना ओसाड वाटतात. उलट कोमोस व फेस्टोस पाहून आल्यावर एव्हान्स यांची कल्पना कुठे संपते आणि मूळ दगड कुठे सुरू होतो हे तुम्हाला स्वतः ओळखता येईल. आदल्या दुपारी हेराक्लिओनचे पुरातत्त्व वस्तुसंग्रहालय बघा, फेस्टोसची चकती तिथेच आहे, आणि दुसऱ्या सकाळी दार उघडताच क्नोसोसला हजर राहा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. २०२५ मध्ये क्नोसोस, फेस्टोस, झाक्रोस यांसह सहा मिनोअन केंद्रांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला असल्याने गर्दी कमी होण्याची शक्यता नाही.

म्हणजे आखणी अशी झाली: खानियाला उतरा, किसामोस परिसरात चार रात्री, मेसारात तीन, हेराक्लिओनला एक, आणि परतीचे विमान हेराक्लिओनहून. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडण्याचे थोडे जादा पैसे पडतात, पण उलटा प्रवास वाचतो.

यात वाऱ्यानुसार बदल करावा लागेल. उन्हाळ्यात एजियनवरून मेल्तेमी हा उत्तरेचा वारा वाहतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो जोरात असतो, सप्टेंबरअखेरीस उतरतो, पण थांबलेला नसतो. तो वाहत असला की उत्तर किनारा खवळतो. दक्षिणेचा समुद्र तेव्हा सपाट दिसतो, परंतु डोंगर ओलांडून घळयांतून खाली येणारे झोत अचानक आणि जोरदार असतात, आणि ते हवा भरलेली खेळणी व तराफे खुल्या समुद्राकडे ढकलतात. म्हणून दक्षिणेला मुलीला अशा तराफ्यावर एकटे सोडू नका. रोज रात्री दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा पाहा आणि एलाफोनिसी, सुगिया व फालासर्ना यांचा क्रम त्यानुसार अदलाबदल करा. किसामोसहून तिन्ही ठिकाणे साधतात, मुक्काम तिथे ठेवण्याचे हेही एक कारण आहे. फारच वारा असेल त्या दिवशी किसामोसचे छोटे वस्तुसंग्रहालय पाहा; रोमन घरांतील मोझेक फरश्या तिथे आहेत. पाणी सप्टेंबरअखेरीस २४-२५ अंशांच्या आसपास असते, म्हणजे सासूबाईंनाही उतरता येईल.

गाडीशिवाय ही आखणी जमत नाही. ग्रीसमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तेव्हा पहिल्या दिवशी अंधारात गाडी चालवणे टाळा, आणि निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. शाकाहारी असाल तर चिंता नको: बार्लीच्या टोस्टवर टोमॅटो व मऊ चीज घातलेला दाकोस, उकडलेल्या रानभाज्या म्हणजे होर्ता, पिवळ्या डाळीचा फावा, आणि खानियाकडचे झुकिनी-बटाट्याचे बुरेकी प्रत्येक खानावळीत मिळते. अवशेषांच्या परिसरात मातीच्या भांड्यांचे तुकडे पायाशी पडलेले दिसतील. ते उचलणे गुन्हा आहे, आणि मुलीला हे आधीच समजावून ठेवा.

सासूबाईंना उतार-चढ कितपत झेपतो, तुमच्यापैकी दोघेही गाडी चालवणार का, आणि विमानांच्या वेळा काय आहेत, एवढे कळवलेत तर मुक्कामाची गावे आणि रोजच्या निघण्याच्या वेळा मी अधिक नेमक्या सांगू शकेन.